काटा का चढतो?

स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटले की बहुतेकांची लेखणी इमारतीकडे, बोधिवृक्षाकडे किंवा निकालाच्या टक्केवारीकडे वळते. ते योग्यच आहे. मला मात्र आपल्या शाळेच्या जीपविषयी लिहायचे आहे. या परिसरात राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती माहीत आहे. कोणी तिच्यातून दवाखान्यात गेले, कोणी बोर्डाच्या परीक्षेच्या केंद्रावर गेले, कोणाची ट्रंक पहिल्या दिवशी तिच्याच टपावरून उतरली. लोकवर्गणीतून घेतलेली ही डिझेल जीप आज पंचवीस वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्या किमतीत शेतमजूर आईबापांचे दहा-दहा, वीस-वीस रुपये आहेत. त्यामुळे ती संस्थेच्या मालमत्ता-नोंदवहीतली केवळ एक ओळ नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या जीपला एक दुखणे जडले. इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा एरवी मध्याच्या थोडा अलीकडे स्थिर असे, तो घाटात तीन-चतुर्थांशाच्या वर चढू लागला. लाल रेषेला तो टेकत नव्हता, पाणी उकळून बाहेर येत नव्हते. पण नेहमीपेक्षा वर होता एवढे निश्चित. अशा दुखण्याचा मोठा धोका हाच की ते थोडे असते. उकळणारे इंजिन माणसाला थांबवते, किंचित जास्त तापणारे इंजिन मात्र ‘चालतंय तोवर चालू द्या’ असे म्हणायला लावते.

मग एका रात्री नववीतल्या एका मुलीच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालय घाटापलीकडे. वसतिगृहाच्या मावशी आणि मी तिला घेऊन निघालो. अर्ध्या घाटात काटा लाल रेषेजवळ गेला आणि चालक मामांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा निर्णय बरोबर होता, कारण पुढे दामटली असती तर इंजिन बसले असते आणि आम्ही तिथेच अडकलो असतो. इंजिन मंद गतीवर ठेवून, काटा खाली येण्याची वाट पाहत आम्ही वीस मिनिटे अंधारात उभे होतो. मुलगी मावशींच्या मांडीवर डोके ठेवून कण्हत होती. तिला वेळेत उपचार मिळाले, ती बरी झाली. पण त्या वीस मिनिटांनंतर ‘चालतंय तोवर’ हे शब्द आमच्यापैकी कोणी पुन्हा उच्चारले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. एका गॅरेजमध्ये बोनेट उघडण्यापूर्वीच सांगण्यात आले की हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन खोलावे लागेल, चाळीसेक हजार लागतील. दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, पाणी मोकळे फिरेल. गावातल्या एका सद्गृहस्थांनी सुचवले की गाडीला नजर लागली आहे, लिंबू-मिरची बांधून पाहा. संस्थेच्या बैठकीत एका सदस्यांनी गाडी भंगारात काढण्याचा विषय मांडला. नवी घेण्याइतका पैसा नव्हता. भाड्याच्या गाड्या रात्री अकरानंतर आपल्या रस्त्याला येत नाहीत. म्हणजे प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता. तीनशे मुलामुलींच्या रात्रीच्या सुरक्षिततेचा होता.

या सर्व सल्ल्यांत एक साम्य होते. प्रत्येकाजवळ उत्तर तयार होते, प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते आपण मुलांना सहावीपासून शिकवतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश विहारात ऐकायचा आणि बोनेटसमोर विसरायचा, असे चालणार नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. यंत्रशास्त्र माझा विषय नाही. परंतु पुरावा तपासणे हा माझा विषय आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी विज्ञानाच्या बाईंना, चालक मामांना आणि नववीच्या वर्गाला सोबत घेतले. आम्ही ठरवले की कारण सापडेपर्यंत एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही.

पहिला प्रश्न वर्गासमोर ठेवला : काटा खरे बोलतो आहे का?

इतिहासात आपण हाच प्रश्न प्रत्येक साधनाला विचारतो. शिलालेखांतला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे सम्राट अशोक, ही ओळख प्रथम सिंहली ग्रंथांशी ताडून पटवण्यात आली; पुढे 1915 साली मस्की येथील लेखात अशोकाचे नावच मिळाले आणि शंका मिटली. एका साधनाला दुसऱ्या, स्वतंत्र साधनाची साक्ष लागते. काटा हे दुय्यम साधन आहे. इंजिनात बसवलेला सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर सरकतो. सेन्सर बिघडला किंवा वायर कुठे बॉडीला टेकली, तरी काटा चढतोच; पाणी मात्र गार असते. आमच्या जीपमध्ये डिझेलचा काटा आणि तापमानाचा काटा एकाच नियंत्रित विद्युतदाबावर चालतात. तो दाब वाढला असता तर दोन्ही काटे खोटे वर गेले असते. मामांनी टाकीत पट्टी बुडवून पाहिली. टाकी अर्धी, काटाही अर्ध्यावर. म्हणजे विद्युतदाब शाबूत होता.

एका मुलाने कोविडच्या काळातली कपाळाला लावायची तापमापक बंदूक आणली. इंजिनवर रोखताच तिने आकडा देण्याचे नाकारले. मुले हिरमुसली, पण विज्ञानाच्या बाईंनी तिथेच समजावले की ते यंत्र माणसाच्या तापासाठी आहे, त्याची मर्यादा चाळिशीच्या थोडी पुढे संपते. कोणत्या साधनाला कोणता प्रश्न विचारावा, हाही ज्ञानाचाच भाग आहे. अखेर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने कारखान्यात वापरायची बंदूक आणून दिली आणि एक खुबीही सांगितली : चकचकीत धातूवर ती खरे तापमान दाखवत नाही, कमी दाखवते, म्हणून जिथे मोजायचे तिथे काळी चिकटपट्टी लावा. थर्मोस्टॅटच्या घरावर आम्ही तशी पट्टी लावली. सपाट रस्त्यावर फेरी मारून आल्यावर 86 अंश. घाटमाथ्यावर पोहोचताक्षणी 104. काटा खरे बोलत होता.

104 अंशांवर पाणी उकळत कसे नाही, असे एका मुलीने विचारले. प्रश्न उत्तम होता. रेडिएटरचे टोपण हे केवळ झाकण नाही. ते आत दाब धरून ठेवते. वातावरणाच्या दाबाएवढा आणखी दाब आत राहिला तर पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते. म्हणूनच गरम इंजिनचे टोपण कधीही उघडू नये. दाब सुटताच ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. हा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

दुसरा प्रश्न : ते केव्हा तापते? आठ दिवस मामांनी आणि दोन मुलांनी प्रत्येक फेरीची नोंद ठेवली. वेळ, रस्ता, ओझे, वेग, काटा. त्या नोंदींतून एक आकृती उमटली. गाडी उभी असताना, बाजारातल्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी चालताना काटा जागेवर राही. वेग वाढला, चढ आला, इंजिनचे फेरे वाढले की तो चढे. ही नोंद म्हणजे अर्धे निदान होते. उभ्या गाडीत वारा फक्त पंखा देतो. म्हणून उभ्याने तापणाऱ्या गाडीत पंखा, त्याचा पट्टा आणि भोवतीचे आवरण यांवर संशय जातो. आमचे उलट होते. वारा भरपूर मिळत असतानाच ती तापत होती. अशा वेळी संशय पाण्याच्या प्रवाहावर जातो : रेडिएटर तुंबला आहे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो आहे, पंप थकला आहे किंवा नळीत अडथळा आहे.

मग एकेक संशयित तपासला. सर्वांत महाग आरोप हेड गॅस्केटवर होता, म्हणून त्याची चौकशी आधी केली. ते फुटले असेल तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो. पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना टोपण काढून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुड्यांची माळ आली नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली; ऑइल दुधाळ नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. तीन सकाळी पाण्याची पातळी काडीने मोजली. ती घटली नव्हती. चाळीस हजारांचा आरोप पुराव्याअभावी बाजूला ठेवला.

पट्ट्याचा ताण पाहिला. अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर वाकला, म्हणजे ठीक. रेडिएटरच्या जाळीत कुसळे, किडे आणि कापसाचा तूस अडकला होता. मुलांनी मागच्या बाजूने पाण्याची हलकी धार मारून तो पुढे काढला. काटा थोडा उतरला, पुरेसा नाही.

थर्मोस्टॅटची चौकशी प्रयोगशाळेत झाली. हा एक लहानसा झडप-पहारेकरी. इंजिन गार असते तोवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ठरावीक तापमानाला आतले मेण प्रसरण पावते आणि झडप उघडते. आमच्या थर्मोस्टॅटच्या काठावर 82 हा आकडा कोरलेला होता. दोऱ्याने बांधून तो चंचुपात्रातल्या पाण्यात लोंबकळत ठेवला, शेजारी तापमापी, खाली बर्नर. सारा वर्ग श्वास रोखून पाहत होता. 82 ला झडपेला केसाएवढी फट पडली. 95 च्या सुमारास ती पूर्ण उघडली. पहारेकरी निर्दोष होता. त्याला काढून फेकण्याचा सल्ला किती अपुरा होता, हेही मुलांना कळले. तो काढला असता तर इंजिन सपाट रस्त्यावर गरजेपेक्षा गार राहिले असते, डिझेल अधिक जळले असते, झीज वाढली असती आणि घाटातले मूळ कारण तसेच लपून राहिले असते.

यानंतरचा शोध त्याच मुलीने लावला, जिच्यासाठी आम्ही त्या रात्री घाटात थांबलो होतो. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, सर्वांना पंख्यापासून दूर, कडेला उभे केले. वेण्या-ओढण्या बांधून घ्यायला लावल्या. तापलेल्या इंजिनचे फेरे मामांनी हळूहळू वाढवले. वरची नळी फुगून घट्ट होती. कोणाचेच लक्ष खालच्या नळीकडे नव्हते. तेवढ्यात ती ओरडली, “मामा, थांबा! खालची नळी चपटी होतेय!” मामांनी फेरे कमी केले, नळी गोल झाली. पुन्हा वाढवले, पुन्हा चपटी. मामा खाली उतरले, स्वतः वाकून पाहिले आणि म्हणाले, “पोरी, तीस वर्षं गाडी चालवतोय, हे मी पहिल्यांदा बघतोय.”

खालच्या नळीतून पंप रेडिएटरमधले गार झालेले पाणी ओढून घेतो. पंप जोरात ओढतो आणि रेडिएटरमधून तेवढे पाणी येत नाही, तेव्हा नळीत ओढ निर्माण होते. ती आक्रसू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. नळी काढली तेव्हा त्या स्प्रिंगचे गंजलेले तुकडे हातात आले. पण मग रेडिएटरमधून पाणी का येत नव्हते? बंदुकीने रेडिएटरची जाळी ठिकठिकाणी मोजली. मधल्या आणि खालच्या पट्ट्यात काही जागा शेजारच्या जागांपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गार होत्या. जिथे गरम पाणी पोहोचतच नाही, तिथे जाळी गार राहणार. नळ्या तुंबल्या होत्या. रेडिएटरवाल्याने टाकी उघडून दाखवली तेव्हा आत पांढरट क्षारांचे थर होते. आपल्या बोअरचे पाणी किती जड आहे, हे वसतिगृहाच्या पातेल्यांवरच्या पांढऱ्या थरावरून सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे तेच पाणी रेडिएटरमध्ये पडत आले होते. तापल्यावर क्षार नळ्यांत बसत गेले. कूलंट नसल्याने गंज रोखणारे काही नव्हते, स्प्रिंग गंजली. नळ्या अरुंद झाल्याने ओढ वाढली. स्प्रिंग नसल्याने नळी मिटली. नळी मिटल्याने प्रवाह घटला. आणि घाटात, जेव्हा उष्णता सर्वाधिक होती, तेव्हाच पाणी सर्वांत कमी फिरले.

ही साखळी मी फळ्यावर लिहिली तेव्हा मला वेगळे प्रवचन करावे लागले नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या मूळ स्वरूपाविषयीसुद्धा प्रश्न उपस्थित करण्याचे धैर्य दाखवले, हे आपण जाणतो. त्याच ग्रंथात त्यांनी अलौकिकावरील श्रद्धेला अधम्म म्हटले आहे. घटनेला कारण असते, आणि ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गाच्या नियमात शोधावे, ही बुद्धाची भूमिका त्यांनी मांडली. आमच्या जीपच्या दुखण्यात दोन्ही होती : निसर्गाचा नियम म्हणजे क्षार, माणसाची कृती म्हणजे बोअरचे पाणी ओतण्याची सवय. नजर कुठेच नव्हती. आणि कोणी एकटा दोषीही नव्हता. एकच खलनायक शोधून समाधान मानण्याची खोड इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही असते. अनेक लहान कारणे एकत्र येऊन मोठी घटना कशी घडते, हे मला पाठ्यपुस्तकातून जेवढे शिकवता आले नव्हते, तेवढे त्या चपट्या नळीने शिकवले.

दुरुस्ती साधी होती. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर असल्याने टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून त्या साफ करता आल्या आणि टाकी पुन्हा डाखली. स्प्रिंग असलेली नवी नळी, नवे टोपण, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे कूलंट. सर्व मिळून खर्च पाच हजारांच्या आत आला. त्यानंतर त्याच घाटात, त्याच ओझ्याने, भर दुपारी माथ्यावर मोजले : 91 अंश. काटा मध्याच्या अलीकडे.

हे सारे एवढ्या तपशिलाने लिहिण्यामागे एक कारण आहे. 1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याला टांग्यातून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. शेवटी टांगा मिळाला, पण टांगेवाला बसेना. आपल्याच वस्तीतला, टांगा हाकण्याचा सराव नसलेला माणूस पुढे बसला. पुलावर टांग्याचे चाक अडले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या प्रसंगातला अपमान आपण नेहमी सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना वाहनाजवळ फिरकू दिले जात नाही, त्यांच्या हाती वाहनाचे कसबही येऊ दिले जात नाही. आणि ते कसब नसल्याची किंमत पुन्हा त्यांनाच मोजावी लागते. 1942 साली गव्हर्नर जनरलला सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या सोयींचा आग्रह धरला, त्याकडे मी या दृष्टीने पाहतो.

आपल्या पालकांपैकी अनेकांना वाटते की मुलाचे हात काळे होऊ नयेत म्हणूनच त्याला शाळेत घातले. ही भावना मी समजू शकतो; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर घाणीची कामे लादली गेली त्यांना ती वाटणारच. पण लादलेले काम आणि समजून केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्या नववीच्या मुलांच्या हातांना जे ऑइल लागले ते गुलामीचे नव्हते. ज्याला कारण कळते त्याला कोणी चाळीस हजारांना फसवू शकत नाही, लिंबू-मिरचीने गप्प करू शकत नाही, आणि ‘तुम्हाला यातले काय कळते’ असे म्हणू शकत नाही.

दसऱ्याला गावोगावी गाड्यांना हार घालतात. आपण तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून, 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून पाळतो. गेल्या दोन वर्षांपासून त्याच्या आदल्या दिवशी नववीचा वर्ग जीपची तपासणी करतो. पाण्याची पातळी, पट्ट्याचा ताण, नळ्या, जाळी, ब्रेक, टायर. आणि सर्व नोंदी वहीत. मामा पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. ती वही ते नव्या चालकाच्या हाती देणार आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यंत्रांचे ज्ञान आहे त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे, वही पाहावी, चुका दाखवाव्यात आणि नव्या मुलांना नवे प्रश्न विचारायला शिकवावे. येताना हार आणू नये. जमल्यास डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन आणावा.

जय भीम.